धुऱ्यावरची पाटी

वडिलांना मार खाताना मी पाहिलं तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. आम्ही मेंढरंवाले. गाव जिंतूरच्या बाजूला, पण वर्षातले कितीतरी महिने कळपामागं फिरण्यात जायचे. ज्यानं बोलावलं त्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या. लेंड्यांचं खत त्याच्या रानाला, बदल्यात ज्वारी आम्हाला. एका सकाळी दोन मेंढ्या शेजारच्या हरभऱ्यात शिरल्या. त्या रानाचा मालक आसूड घेऊनच आला. त्यानं वडिलांना पाठीवर मारलं, मानेवर मारलं, ते खाली बसले तेव्हा पोटऱ्यांवर मारलं. वडील एका हातानं डोक्यावरचा पटका सावरत होते. दुसरा हात मोकळा होता, तो त्यांनी उचलला नाही. मारून दमल्यावर त्या माणसानं आसूड गुंडाळला आणि विचारलं, "उद्या मपल्या रानात बसवतोस का मेंढरं?"

वडील म्हणाले, "व्हय मालक."

आणि खरोखर दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच रानात उतरलो. माय वडिलांच्या पाठीला हळद-तेल लावत होती, आणि मालकाच्या घरून आमच्यासाठी भाकरी आल्या होत्या. त्या मी खाल्ल्या नाहीत. एवढीच माझी तेव्हाची बंडखोरी.

पुढं मी शिकले ते एका अनोळखी बाईच्या पैशावर. पुण्याच्या एक विधवा बाई, नवऱ्यामागं कारखान्यातला आपला वाटा विकून त्यांनी नवऱ्याच्या नावानं ट्रस्ट काढला होता. पैसा दोनच कामांना लावायचा असं त्यांनी ठरवलं होतं: काळ्या मातीचा अभ्यास करायचा, आणि त्यातून जे कळेल ते गावोगावच्या शेतीशाळांतून शेतकऱ्यांना शिकवायचं. माझी कृषी पदविका, परभणीतलं वसतिगृह, पहिली सायकल, सगळं त्या ट्रस्टचं. पदविका झाल्यावर त्यांनीच मला कामावर घेतलं. बाईंना मी पाहिलेलंही नव्हतं. पण ट्रस्टबद्दल कुणी वाकडं बोललं तर माझं डोकं फिरायचं.

मानवतच्या बाजूचं एक गाव माझ्याकडे आलं. तिथं एका जोडप्यानं आपलं अर्धा एकर रान अभ्यासासाठी दिलं. नवरा अबोल, कामसू. गावात त्याला सगळे थोरला म्हणत, कारण त्याच्या रानाला लागून ज्याचं रान होतं तो त्याचा चुलतभाऊ, धाकटा. थोरल्याची बायको माझ्या शेतीशाळेतली सगळ्यात हुशार बाई. मी तिला वहिनी म्हणायची. मातीचं ढेकूळ हातात घेऊन, जिभेला लावून ती सांगायची की यात चुनखडी किती आहे. मला ते शिकायला दोन वर्षं लागली होती.

दोघा चुलतभावांच्या मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जुना वाद होता. आजोबांनी वाटणी केली तेव्हा रोवलेला खुणेचा दगड कुणी तरी हलवला असं दोघंही म्हणत. एकदा काठ्या निघाल्या होत्या. थोरल्याच्या भुवईवर त्याची खूण होती. वहिनीनं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "मॅडम, काय बी करा, पन धुऱ्याला हात लावू नका."

मला मात्र धुराच हवा होता. थोरल्याच्या रानात कितीतरी वर्षं मेंढ्या बसत आल्या होत्या आणि तो कापसाच्या पऱ्हाट्या, वेचणी झाल्यावरची वाळकी झाडं, रानातच कुजवायचा. धाकटा दरवर्षी पऱ्हाट्या पेटवायचा आणि ट्रॅक्टरनं खोल नांगरायचा. माती एकच, मधे फक्त धुरा. अभ्यासाला याहून चांगली जागा जिल्ह्यात मिळाली नसती.

धाकटा वाईट माणूस नव्हता. त्यानं मला आपल्या रानातली माती घेऊ दिली. उन्हात पाहून स्वतःच्या कॅनमधलं पाणी दिलं. दोनदा तो शेतीशाळेतही आला आणि मागं भिंतीला टेकून बसला. दुसऱ्यांदा आला त्या दिवशी मी काचेचे दोन ग्लास मांडले होते. पाण्यात जाळीवर एकेक ढेकूळ ठेवायचं. एक तसंच टिकून राहिलं. दुसरं बघता बघता विरघळलं आणि पाणी गढूळ झालं.

"ही कुणाची माती?" कुणीतरी विचारलं.

मी सांगायला नको होतं. पण वर्ग रंगला होता, माझं बोलणं लोक ऐकत होते. मी म्हणाले, "ही शेजारच्या रानातली. जाळून जाळून हिच्यात जीवच उरला नाही."

सगळे मागं वळून धाकट्याकडं बघायला लागले. एकजण म्हणाला, "मालक बी तसाच हाय, पान्यात घातला की इरघळतो." लोक पोट धरून हसले. मीही हसले. धाकटा उठला, चपला हातात घेतल्या आणि गेला. दारात थांबून एवढंच म्हणाला, "मपल्या मातीची इज्जत काढली तुमी."

त्या उन्हाळ्यात ट्रस्टचे साहेब पाहणीला यायचे ठरले. पुण्याच्या ऑफिसात बाईंच्या वतीनं ते सगळं बघायचे. त्यांचा निरोप आला की जागेवर ट्रस्टच्या नावाची पाटी हवी, लोखंडी, सिमेंटमध्ये पक्की, आणि रस्त्यावरून दिसली पाहिजे. रस्ता धुऱ्याच्या टोकाला होता. गवंडी आला तेव्हा जागा दाखवायला मीच उभी होते. मी पायानं माती उकरून म्हटलं, "इथं."

वहिनी माझ्याजवळ आली. "खुनंचा दगड इकडं हाय मॅडम. पाटीचा ह्यो पाइप धाकट्याच्या आंगाला जायलाय."

"वीतभर तर आहे. पाहणी झाली की काढू," मी म्हणाले.

सिमेंटमध्ये गाडलेली पाटी कुणी काढत नाही, हे मला माहीत होतं.

पाहणीच्या दिवशी मी सकाळपासून खड्ड्यात होते. मातीचे थर दिसावेत म्हणून थोरल्याच्या बाजूला, धुऱ्यापासून चार पावलांवर, पुरुषभर खोल खड्डा घेतला होता. उतरायला एका अंगाला पायऱ्या. मी चाकूनं समोरची भिंत तासत होते. वरचा काळा भुसभुशीत थर, खाली चिकट काळी, मग चुनखडीचे पांढरे खडे, तळाला मुरूम. साहेब दुपारी येणार होते आणि त्यांना हे सगळं चित्रासारखं दिसायला हवं होतं. थोरला आणि वहिनी वर उकरलेली माती बाजूला ओढत होते.

आधी लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. मग पुन्हा. धाकटा पहारीनं पाटीचा पाइप उखडत होता. त्याच्यासोबत त्याचा मेहुणा होता, हातात काठी.

"ह्ये कोनाच्या बापाचं रान हाय म्हून गाडलं रं?" धाकटा ओरडला.

"आरं बाबा, पाटी ट्रस्टची हाय. तिला नको हात लावू," थोरला म्हणाला. त्याचे पाय मला खड्ड्याच्या काठावरून धुऱ्याकडं जाताना दिसले. खड्ड्यातून मला काठावरचं तेवढंच दिसत होतं.

पुढचं सगळं काही क्षणांत झालं असेल. मेहुण्याच्या काठीचा पहिला वार थोरल्याच्या डोक्यात बसला. तो आवाज मला आधी ढेकूळ फुटल्यासारखा वाटला. थोरला मागं वळून झोकांड्या खात आला आणि खड्ड्याच्या काठावर पालथा पडला. त्याचं डोकं आत लोंबत होतं, माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. रक्त नाकावरून, भुवईवरून ओघळून मी सकाळभर तासलेल्या भिंतीवर पडायला लागलं. काळ्या मातीत ते दिसेना, चुनखडीच्या खड्यांवर मात्र लालभडक दिसायचं. वर वहिनीची किंकाळी ऐकू आली. तिनं पहार दोन्ही हातांनी धरली होती. धाकट्यानं ती हिसडली, फिरवली, आणि वहिनीचं मनगट मोडलं. मोडताना आवाज झाला. तिचा हात कोपरापुढं भलत्याच दिशेला वळलेला मी पायऱ्यांवरून पाहिला, कारण तोवर मी वर चढत होते.

माझ्या हातात गिरमिट होतं. माती काढायचं लोखंडी अवजार, छातीएवढं लांब, वर आडवी मूठ. धाकटा माझ्याकडं पाठ करून थोरल्याशेजारी उभा होता आणि पहार त्याच्या खांद्यावर होती. तो मारणार होता की नुसताच धापा टाकत उभा होता, हे मला आजही सांगता येत नाही. मी मागून गिरमिटाची मूठ त्याच्या कानशिलावर हाणली. पहार गळाली. तो गुडघ्यावर आला, घसरला आणि खड्ड्यात पडला, पायऱ्यांच्या बाजूला.

इथं थांबले असते तर मी ही हकीकत इतकी वर्षं मनात वागवली नसती.

मी पायऱ्या उतरून त्याच्यामागं खड्ड्यात गेले. तो बसला होता, भिंतीला टेकून. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि एक हात वर केला. मी पुन्हा मारलं. त्याच कानावर, सगळं बळ लावून. त्याच्या कानातून रक्त आलं आणि तो आडवा झाला. मारताना मला बरं वाटलं. भीती नव्हती, थोरल्याचा विचारही नव्हता. डोळ्यांसमोर आसूड गुंडाळणारा तो माणूस होता.

मेहुणा पळून गेला होता. तेवढ्यात साहेबांची गाडी आली. त्यांनी ते दृश्य पाहिलं आणि रस्त्याच्या कडेला ओकारी काढली. पण मग त्यांनीच गाडीच्या सीटवर वर्तमानपत्रं पसरली, जखमींना उचलायला ड्रायव्हरला हाताशी घेतलं आणि आम्हा सगळ्यांना परभणीला दवाखान्यात आणलं. एका सीटवर थोरला आणि धाकटा शेजारी शेजारी, एकमेकांच्या अंगावर कलंडलेले. वहिनी आपला मोडलेला हात मांडीवर धरून बसली होती. ती रडत नव्हती. वाटेत तिनं मला एकदाच विचारलं, "जिता हाय ना त्यो?" ती धाकट्याबद्दल विचारत होती.

दवाखान्याच्या आवारात साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही खड्ड्यात होतात. तुम्हाला काही दिसलं नाही. एवढंच सांगायचं. ट्रस्टच्या माणसानं शेतकऱ्याचं डोकं फोडलं असं बाहेर आलं तर सगळ्या जिल्ह्यातलं काम बंद पडेल."

जबाब घ्यायला जमादार आला तेव्हा थोरला डोक्याला टाके घातलेल्या अवस्थेत खाटेवर बसला होता. जमादारानं विचारायच्या आतच तो म्हणाला, "म्या मारलं. मपल्या हातानं."

मी सही केली. जबाबात लिहिलं होतं की मी खड्ड्यात होते आणि मला काही दिसलं नाही. टाके निघाल्यावर थोरल्याला अटक झाली, आणि जामीन मिळेपर्यंत तो आत राहिला. धाकटा आणि मेहुणाही आत होते. तिघंही एकाच कोठडीत. एकमेकांशी ते बोलले का, हे मी कधी विचारलं नाही.

वहिनीला भेटायला गेले तेव्हा तिचा हात प्लास्टरमध्ये होता. मी म्हणाले, "वहिनी, मी जाऊन खरं सांगते."

"नका," ती म्हणाली. "तुमी गेलात की शाळा गेली. आमी पुन्हा हुतो तितंच."

"ते माझ्यामुळं आत आहेत."

"त्ये मनानं गेलेत. तुमी ढकललं न्हाई." मग, माझ्याकडं न बघता, "दुसऱ्यांदा कामून मारलं पन? म्या बगितलं. त्यो बसला हुता."

तिनं पुन्हा विचारलं नाही.

घरी गेले. वडील आता थकले होते, कळप भावानं विकला होता. मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्यांना कुठंतरी आत समाधान वाटेल. ते खूप वेळ हाताची बोटं चोळत बसले. मग म्हणाले, "माज्या पाठीवरचं तू त्याच्या कानावर कशाला काढलंस माय? त्यानं मला कुटं मारलं हुतं?" आणि उठून बाहेर गेले.

त्या आठवड्यात मी धाकट्याच्या घरी गेले. तो जामिनावर सुटला होता. ओसरीत बसला होता, एक कान कापसानं बंद. मी समोर उभी राहिले. त्यानं मान वळवून चांगला कान माझ्याकडं केला.

"मी मारलं," मी म्हणाले.

"ठाऊक हाय. पयला मागून आला, पन दुसरा म्या डोळ्यानं बगितला."

"मग पोलिसांना का सांगितलं नाही?"

तो हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. "काय सांगू? मेंढक्याच्या पोरीनं खड्ड्यात घालून हानलं म्हून? सोयऱ्याधायऱ्यात त्वांड कसं दाखवू? भावानं मारलं म्हनलं की चालतंय."

"मी आता जाऊन सांगणार आहे."

हे ऐकून त्याचा चेहरा बदलला. शेजारचा पाण्याचा तांब्या त्यानं माझ्यावर फेकला. तो माझ्या खांद्याला लागून भिंतीवर आदळला. "सांग जा! गावभर सांग! आदी मातीची काढली, आता माजी काढ!" त्याची बायको आतून धावत आली आणि तिनं मला अक्षरशः ढकलत अंगणाबाहेर काढलं. जाताना मला शिव्या दिल्या, त्या मी इथं लिहीत नाही. त्या खोट्या नव्हत्या.

तरीही मी गेले. पोलीस ठाण्यात नवा जबाब दिला, पहिला खोटा होता असं लिहून दिलं. माझ्यावर गुन्हा दाखल झाला. ट्रस्टनं मला कामावरून थांबवलं आणि त्या गावातली शेतीशाळा बंद केली. खड्डा बुजवला, अभ्यास तिथंच सोडला. गावात धाकट्याची चेष्टा व्हायला लागली, त्याला जशी भीती होती तशीच. एकदा त्यानं चहाच्या टपरीवर एकाचे दात पाडले. तोही माझ्याच हिशेबातला मार, असं मला वाटतं.

पुढं गावातल्या जाणत्या लोकांनी मध्ये पडून दोन्ही घरांची तडजोड करून दिली आणि कोर्टात माझ्यासकट सगळ्यांवरचं प्रकरण मिटलं. धुरा मोजून नवे दगड रोवले. थोरला माझ्याशी पूर्वीसारखाच वागायचा, म्हणजे फारसं न बोलता. वहिनीचा हात मात्र वाकडाच राहिला. त्या हातानं तिला भाकरी थापता येत नाही.

पाच-सहा महिन्यांनी मला पुण्याहून बोलावणं आलं. ट्रस्टच्या बाई. पहिल्यांदाच त्यांना पाहिलं. लहानखुऱ्या, सुती साडीतल्या, ऐकताना डोळे मिटून घेणाऱ्या. त्यांनी मला सुरुवातीपासून सांगायला लावलं. साहेबही तिथं होते. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आणि दुसरा फटका?"

मी त्यांना वडिलांचं सांगितलं. आसूड, हरभरा, भाकरी, सगळं. त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाल्या, "पाटी लावा असं मी कधी सांगितलं नाही. पण दर वर्षी फोटो यायचे, त्यात ह्यांचं नाव दिसायचं. मी ते फोटो कपाटात जपून ठेवायचे." साहेब खिडकीबाहेर बघत होते. "सगळ्या काढून टाका," बाई त्यांना म्हणाल्या. "जिथं जिथं असतील तिथल्या."

मला त्यांनी परत घेतलं, पण शिकवायला नाही. परभणीत ट्रस्टनं भाड्याच्या दोन खोल्यांत माती तपासायची प्रयोगशाळा काढली होती, तिथं ठेवलं. शेतकऱ्यांनी पिशव्यांतून आणलेली माती सावलीत वाळवायची, लाकडी मोगरीनं कुटायची, चाळायची. दिवसभर कुटायचं. पहिले काही महिने मोगरी उचलली की मी ती तशीच खाली ठेवून पाणी प्यायला जायची.

दरम्यान वहिनीनं आपल्या अंगणात स्वतःची शाळा सुरू केली. ट्रस्टचा पैसा नाही, फळा नाही, पाच-सहा बाया आणि मातीची घमेली. ती मला बोलवत नाही. तिच्याकडच्या मातीच्या पिशव्या मात्र येतात, चिठ्ठी तिच्या डाव्या हाताच्या अक्षरातली असते.

गेल्या उन्हाळ्यात धाकटा प्रयोगशाळेत आला. जिना चढून दारात उभा राहिला, हातात कापडी पिशवी. मी एकटीच होते. त्याला ओळखायला मला क्षणभर लागला. केस पांढरे झाले होते. मी नोंदवही घ्यायला त्याच्या डाव्या बाजूनं पुढं गेले. ती त्याची न ऐकू येणारी बाजू. मी अचानक दिसले तसा त्याचा हात झटकन डोक्यावर गेला आणि तो भिंतीला जाऊन चिकटला. पिशवी पडली, माती फरशीवर सांडली. आम्ही दोघंही ती भरायला वाकलो नाही.

मग तो म्हणाला, "तपासून द्या. जे आसल ते खरं सांगा. लोकात सांगू नका."

मी माती गोळा केली, वाळवली, कुटली. निकाल वाईटच होता. सेंद्रिय कर्ब तर जवळजवळ नव्हताच. पंधरवड्यानं तो आला तेव्हा मी त्याला समोर खुर्चीवर बसवून सगळं समजावलं, मोठ्यानं, चांगल्या कानाकडून. पऱ्हाट्या जाळू नका म्हणाले. त्यानं मान हलवली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि उठला. मी सवयीनं जिन्यापर्यंत सोडायला निघाले.

तो पहिल्या पायरीवर थांबला. मागं न बघता म्हणाला, "मागून नगं येऊस."

मी तिथंच थांबले.